चाकांवरचे घर आणि किनाऱ्यावरची रोजी
मोरोक्कोच्या किनाऱ्यावर हिवाळा काढणारी युरोपीय जोडपी आणि त्यांच्यावर चालणारे लहान धंदे

कारवाँ हा शब्द मुसलमान व्यापाऱ्याला नवा नाही. उंटांची रांग, मिठाच्या आणि कापडाच्या गोण्या, वाटेवरची सराय, मुक्कामाची विहीर हे सारे या एका शब्दात आले. फारसीतला हा शब्द पुढे युरोपात गेला आणि तेथे 'कॅरॅव्हॅन' झाला. आता त्याचा अर्थ मालाचा तांडा असा राहिलेला नाही. स्वयंपाकघर, पलंग, पाण्याची टाकी आणि शौचालय घेऊन रस्त्याने फिरणारे घर म्हणजे कॅरॅव्हॅन. त्यात बहुधा दोघेच असतात, एक पती आणि एक पत्नी. जुन्या कारवाँमागे जसा सरायवाला, नालबंद, भटारी आणि पखालीवाला जगत असे, तसेच या नव्या कारवाँमागेही अनेक लहान माणसे जगतात. ती कशी जगतात आणि त्यातून आपल्या कारागिरांनी काय घ्यावे, हे समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

त्यासाठी आपण मोरोक्कोचा अटलांटिक किनारा निवडला आहे. एक तर तो मुस्लिम देश आहे. दुसरे असे की तेथे हा व्यवहार गेली अनेक वर्षे चालू आहे आणि त्यातला मोठा हिस्सा सुतार, गादीवाला, रंगारी, वेल्डर, पाववाला अशा साध्या माणसांच्या हातात आहे. आणि तिसरे म्हणजे हा धंदा एकदा सपशेल बंदही पडला होता. त्या बंदीने जे शिकवले ते आपल्याही कामाचे आहे.

कॅरॅव्हॅन म्हणजे नेमके काय?

या गाड्या मुख्यतः दोन प्रकारच्या. पहिल्या प्रकारात घर वेगळे आणि ते ओढणारी मोटार वेगळी असते. यालाच खरे तर कॅरॅव्हॅन म्हणतात. दुसऱ्या प्रकारात इंजिन आणि घर एकाच सांगाड्यावर असते. त्याला मोटरहोम किंवा कॅम्पर म्हणतात. बोलण्यात मात्र दोन्हींना कॅरॅव्हॅन म्हणण्याची पद्धत पडली आहे.

केवळ हौसेसाठी बांधलेले असे पहिले वाहन १८८५ साली इंग्लंडमध्ये तयार झाले. डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाच्या लेखकाने ते ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्याकडून बांधून घेतले होते आणि ते घोडे ओढीत. मोटारीचे युग आल्यावर १९५० च्या दशकात जर्मनीत फोक्सवॅगनच्या गाडीत पलंग आणि चूल बसवण्यास सुरुवात झाली. तेव्हापासून मध्यमवर्गीय कुटुंबालाही हे फिरते घर परवडू लागले.

आपल्या दृष्टीने एक आकडा महत्त्वाचा आहे. युरोपात मोटारीच्या साध्या परवान्यावर ३,५०० किलो वजनापर्यंतचे वाहन चालवता येते. गाडी, पाणी, गॅस, माणसे आणि सामान धरून हे वजन मोजतात. साहजिकच असा प्रवासी जड वस्तू विकत घेत नाही. मोठा गालिचा, पितळेची परात किंवा लाकडी पेटी दाखवून त्याच्या मागे लागणारा दुकानदार बहुधा निराश होतो. या माणसाचा खर्च तीन गोष्टींवर होतो. रोजचे खाणे, गाडीची जागा व देखभाल, आणि हलक्या पण चांगल्या वस्तू. हे ज्याने ओळखले त्याचा धंदा चालला.

एक जोडपे निघते

समजा, फ्रान्समधील एक निवृत्त शिक्षक आणि त्यांची पत्नी आहेत. मुले आपापल्या संसारात आहेत. हिवाळ्यात त्यांच्या गावी थंडी, पाऊस आणि घर गरम ठेवण्याचा खर्च. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ते गाडी काढतात आणि फ्रान्स व स्पेन ओलांडून दक्षिणेस अल्हेसिरास बंदरात येतात. या बंदराचे नावच अरबी 'अल-जज़ीरा'वरून पडले आहे. समोर जिब्राल्टर, म्हणजे तारिकचा डोंगर. तारिक बिन ज़ियाद ७११ साली याच खाडीतून पलीकडे गेले होते. सामुद्रधुनी अगदी अरुंद जागी जेमतेम १४ किलोमीटर रुंद आहे. गाडीसकट फेरीबोटीत बसले की दीड-दोन तासांत तांजियर-मेद बंदर येते.

सीमेवर त्यांच्या पासपोर्टावर शिक्का पडतो. फ्रेंच नागरिकास व्हिसा न घेता ९० दिवस राहता येते. गाडीची तात्पुरती आयात म्हणून नोंद होते. ती गाडी देशात विकून परत जाता येत नाही, ती बाहेर न्यावीच लागते. एका युरोला साधारण १० ते ११ दिरहम मिळतात.

मग दक्षिणेचा प्रवास सुरू होतो. असीला, राजधानी रबात, कासाब्लांका, अल-जदीदा, मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले साफी, आणि निळ्या होड्यांचे अस्सवीरा. तेथून सुमारे १७५ किलोमीटरवर अगादीर. तांजियर ते अगादीर हे अंतर साधारण ८०० किलोमीटर भरते, पण ही मंडळी ते दोन-दोन, तीन-तीन आठवडे घेऊन संपवतात. अगादीरला जानेवारीतही दुपारी पारा २० अंशांच्या आसपास असतो. म्हणून बहुतेकांचा लांब मुक्काम अगादीर, तगाजूत, तिझनित, मिरलेफ्त आणि सीदी इफ्नी या पट्ट्यात पडतो. सीदी इफ्नी १९६९ पर्यंत स्पेनच्या ताब्यात होते.

भाषेची अडचण त्यांना फारशी येत नाही. १९१२ ते १९५६ या काळात मोरोक्कोच्या मोठ्या भागावर फ्रेंच अंमल होता, आणि बाजारात आजही फ्रेंच चालते. गुलामगिरीच्या काळात लादलेली भाषा आज तेथील गॅरेजवाला गिऱ्हाइकाशी भाव ठरवण्यासाठी वापरतो.

सकाळपासून संध्याकाळपर्यंत

या जोडप्याचा एक दिवस पाहू. सकाळी कॅम्पिंगच्या फाटकाशी गोल खुब्ज, म्हणजे तेथील पाव, घेऊन एक मुलगा येतो. पाठोपाठ तीनचाकीवर संत्री, टोमॅटो आणि पुदिना. अगादीर हे मासेमारीचे मोठे बंदर आहे, तेव्हा कोणी सार्डिन घेऊन येतो. एखादी बाई कपडे धुण्यास नेते आणि संध्याकाळी घडी करून आणून देते. बाजारात गाडी उभी केली की पिवळे जाकीट घातलेला राखणदार दोन-चार दिरहम घेतो. आठवडी सूकच्या दिवशी हे जोडपे थैल्या घेऊन स्थानिकांच्या गर्दीत मिसळते.

यातला प्रत्येक व्यवहार लहान आहे. पण हिशेब करून पाहा. उदाहरणादाखल, एका कॅम्पिंगमध्ये ८० गाड्या आहेत असे धरू. गाडीमागे दोन पाव म्हणजे रोज १६० पाव. ९० दिवसांचे झाले १४,४००. पावाच्या एका भट्टीला तीन महिने हातभार लावण्यास एवढे पुरे आहे. हॉटेलात उतरणारा प्रवासी बहुधा हॉटेलातच जेवतो आणि त्याचा पैसा एका गल्ल्यात जातो. गाडीत राहणारा स्वतः रांधतो, म्हणून त्याचा पैसा बाजारात उतरतो. हॉटेलातल्या पाहुण्यापेक्षा तो दिवसाला कमी खर्च करतो, पण राहतो जास्त दिवस आणि खर्च करतो अनेकांकडे.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांनी ध्यानात घ्यावी. या साऱ्या यादीत हराम असे काही विकावे लागत नाही. पर्यटन म्हटले की दारू आलीच, हा समज आपल्या समाजात खोल रुजला आहे आणि त्यामुळे अनेक भले लोक या क्षेत्रापासून दूर राहतात. पाव, मासळी, धुणे, सुतारकाम आणि गादीकाम यांत कोणते पाप आहे? मुसाफिराची सोय करणे तर आपल्याकडे पुण्याचे काम मानले गेले आहे. ज़कातीच्या आठ हक्कदारांत अडलेला मुसाफिरही आहे. तेव्हा विकावयाच्या वस्तूची निवड आपल्या हातात आहे. सबंध क्षेत्रच टाकून देण्याचे कारण नाही.

मुअल्लिमचे काम

कारागिरांच्या दृष्टीने खरा भाग येथे सुरू होतो. मोरोक्कोत कसबी कारागिराला 'मुअल्लिम' म्हणतात. आपल्याकडे उस्ताद किंवा मिस्त्री म्हणतो तसेच. अगादीर आणि तिझनित भागात गाड्यांची कामे करणारे असे अनेक मुअल्लिम आहेत. युरोपात मजुरी महाग असल्याने ही जोडपी वर्षभर रेंगाळलेली कामे येथे येऊन करून घेतात.

बैठकीचा फोम बदलणे आणि त्यावर नवे कापड चढवणे, पडदे व मच्छरदाण्या शिवणे, फायबरचा फुटलेला पत्रा सांधणे, डेंटिंग-पेंटिंग, छतावर सौर पट्ट्या बसवणे, सायकलीसाठी मागे लोखंडी चौकट जोडणे अशी ही कामे असतात. काही रंगारी गाडीच्या बाजूवर वाळवंट, उंट आणि किल्ल्याची चित्रे काढून देतात. गाडी फ्रान्समध्ये परतली की ते चित्र त्या रंगाऱ्याची जाहिरात करीत हिंडते.

यातला मेख असा की ही गाडी म्हणजेच गिऱ्हाइकाचे घर असते. ती चार दिवस गॅरेजात अडकली तर नवरा-बायकोने झोपायचे कोठे? म्हणून कुशल मुअल्लिम कॅम्पिंगवर जाऊन माप घेतो, काम दुकानात करतो आणि एका दिवसात बसवून देतो. ज्याने "उद्या, परवा" केले त्याचे नाव संध्याकाळपर्यंत साऱ्या कॅम्पिंगमध्ये पसरते. ही मंडळी शेजारी-शेजारी खुर्च्या टाकून बसतात आणि त्यांच्या गप्पांचा मुख्य विषय हाच असतो की कोणाकडे काम चांगले होते आणि कोणी फसवले. छापील जाहिरातीपेक्षा या खुर्च्यांवरच्या गप्पांना वजन जास्त आहे.

भावाचेही तसेच. मोरोक्कोच्या बाजारात घासाघीस चालते आणि अनेक पाहुण्यांना ती गंमतही वाटते. पण दुरुस्तीच्या कामात घासाघीस कोणाला नको असते. काम काय, माल कोणता, दिवस किती आणि एकूण रक्कम किती हे एका कागदावर लिहून देणारा माणूस तेथे लवकर पुढे जातो. व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आपल्याला कुरआनमधूनच मिळालेली आहे. ती आपण फक्त उधारीपुरती आठवतो, तीही नेहमी नाही.

तेलाच्या बाटलीतला धडा

या किनाऱ्यावर आणि त्यामागच्या डोंगरांत अर्गनची झाडे आहेत. त्यांच्या बियांतील गरापासून खाण्याचे आणि अंगाला लावण्याचे तेल निघते. एक लिटर तेलासाठी सुमारे ३० ते ४० किलो फळे लागतात, आणि कठीण कवच दगडावर ठेवून हाताने फोडावे लागते. हे काम पिढ्यान्‌पिढ्या अमाझिग, म्हणजे बर्बर, स्त्रिया करीत आल्या आहेत. १९९६ मध्ये रबातच्या विद्यापीठातील रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका झुबैदा शर्रूफ यांनी स्त्रियांची पहिली अर्गन सहकारी संस्था उभी केली. त्यानंतर अशा अनेक संस्था निघाल्या. १९९८ मध्ये युनेस्कोने अर्गनच्या प्रदेशाला संरक्षित जीवावरणाचा दर्जा दिला आणि २०१४ मध्ये या तेलाच्या परंपरागत कौशल्याची आपल्या वारसा-यादीत नोंद केली.

एक बाटली हलकी असते, गाडीत मावते आणि मुलांना भेट म्हणूनही देता येते. कॅरॅव्हॅनच्या गिऱ्हाइकासाठी याहून योग्य वस्तू नाही. पण नाव झाले तशी भेसळही आली. रस्त्याच्या कडेला स्वस्त बाटल्या दिसू लागल्या आणि त्यांत दुसरे तेल मिसळलेले असण्याची तक्रार होऊ लागली. ज्याने एकदा खोटी बाटली घेतली तो पुढच्या वर्षी खरी बाटलीही घ्यायला धजत नाही. फसवणारा एक, आणि शिक्षा भोगणाऱ्या मात्र दगडावर बिया फोडणाऱ्या शेकडो बायका. मापात आणि तोलात खोट करणाऱ्यांच्या नावाने कुरआनमध्ये एक संपूर्ण सूरह आहे, सूरह मुतफ्फिफीन. ती आपण नमाज़मध्ये पढतो. तराजू हाती घेतानाही ती आठवावी.

दोन कोरे हिवाळे

आता या धंद्याची दुसरी बाजू. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली आणि मोरोक्कोने विमाने आणि बोटी थांबवल्या. शेकडो मैलांवरून आलेली जोडपी कॅम्पिंगमध्ये अडकून पडली. काहींना परतीची बोट मिळण्यास आठवडे लागले. त्या काळात गावकऱ्यांनी आणि कॅम्पिंगवाल्यांनी पाव, भाजी आणि औषधे पोहोचवून त्यांना सांभाळले. त्यानंतर स्पेनच्या बंदरांतून येणाऱ्या प्रवासी बोटी थेट एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. म्हणजे २०२०-२१ आणि २०२१-२२ हे दोन हिवाळे जवळजवळ कोरे गेले.

ज्या दुकानाचे सारे गिऱ्हाईक चाकांवरून येते, त्याने अशा वेळी काय करावे? गादीवाल्यापाशी निदान गावातल्या घरांच्या गाद्या होत्या. वेल्डरपाशी दारे-खिडक्या होत्या. पाववाला गावालाही पाव विकत होता. यांचे उत्पन्न घटले, पण चूल विझली नाही. कठीण गेले ते त्यांना, ज्यांनी स्थानिक गिऱ्हाईक सोडून फक्त परदेशी पाहुण्याच्या भरवशावर दुकान मांडले होते. त्यातही ज्याने व्याजी कर्ज काढून जागा आणि यंत्रे घेतली असतील, त्याचा हप्ता हिवाळा कोरा गेला म्हणून थांबत नाही. व्याज का निषिद्ध आहे, हे अशा वेळी पुस्तक न उघडताही समजते. नफ्यात वाटा मागणारा भागीदार तोट्यातही सोबत असतो. व्याज मागणारा आपले घेतोच.

याशिवाय या धंद्यात दरवर्षीच्याही अडचणी आहेत. पूर्वी किनाऱ्यावर कोठेही गाड्या उभ्या राहत. आता अनेक ठिकाणी स्थानिक अधिकारी रात्री उघड्यावर राहू देत नाहीत आणि गाड्यांना अधिकृत कॅम्पिंगकडे पाठवतात. किनारा स्वच्छ राहण्यासाठी ते योग्यच आहे. पण जो फेरीवाला एका विशिष्ट जागेवर विकत होता, त्याची जागा गेली. रमज़ानही सरकत सरकत आता याच हंगामात आला आहे. २०२६ मध्ये तो फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू झाला. दिवसा कामाचा वेग मंदावतो, आणि कामाची तारीख देताना मुअल्लिमला हे आधीच धरावे लागते. जो हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो त्याची अडचण ते समजून घेते. जो लपवतो तो वायदा मोडणारा ठरतो.

आपल्या किनाऱ्याचा संबंध

तांजियर आणि आपला किनारा यांचे नाते जुने आहे. प्रसिद्ध प्रवासी इब्न बतूता यांचा जन्म १३०४ मध्ये तांजियरलाच झाला. १३२५ मध्ये ते हजसाठी निघाले, आणि पुढे १३४० च्या दशकात दिल्लीहून दौलताबादमार्गे पश्चिम किनाऱ्यावर आले व खंबायतहून गोवा, होनावरकडे गेले. आपल्या कोकणातल्या मुस्लिम वस्त्याही समुद्राच्या वाटेने झालेल्या तिजारतीशी जोडलेल्या आहेत. मुरूड, श्रीवर्धन, हर्णै, दाभोळ आणि रत्नागिरी येथील मंडळींना मुसाफिर काय असतो, हे सांगण्याची गरज नाही.

आज कोकणात कॅरॅव्हॅनची सुरुवात आहे, यापेक्षा जास्त म्हणता येणार नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. त्यात गाड्या आणि त्या उभ्या करण्याच्या जागा, म्हणजे कॅरॅव्हॅन पार्क, या दोन्हींचा विचार आहे. केरळनेही त्याच वर्षी आपली योजना काढली आणि २०२२ मध्ये वागमोणला पहिला पार्क सुरू झाला. सिंधुदुर्ग तर १९९७ पासूनच पर्यटन जिल्हा आहे. रेवस ते रेड्डी सागरी मार्गावर अजून अनेक खाड्या फेरीबोटीनेच ओलांडाव्या लागतात.

मोरोक्को आणि कोकण यांत फरकही आहेत आणि ते डोळ्याआड करू नयेत. मोरोक्कोत युरोपातला निवृत्त माणूस तीन महिने राहतो. आपल्याकडे येणारे जोडपे मुंबई-पुण्याचे असेल आणि चार दिवसांत परतेल. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पावसात हा धंदा बंदच धरावा. पाण्याचा प्रश्न सर्वांत मोठा. एका मोटरहोमच्या टाकीत साधारण १०० लिटर पाणी मावते. वीस गाड्यांना एकदा भरायचे तर २,००० लिटर हवे. एप्रिल-मे महिन्यांत जेथे गावालाच टँकर लागतो, तेथे पाहुण्यांना पाणी विकणे हा धंदा नव्हे, तो शेजाऱ्यावर अन्याय आहे. घाण पाणी आणि शौचालयाची टाकी रिकामी करण्याची पक्की सोय नसेल तर तोही अन्यायच. ज्यांची जागा आहे त्यांनी पार्क काढण्यापूर्वी विहीर आणि सेप्टिक टाकी यांचा विचार आधी करावा, फलकाचा नंतर.

गॅरेजवाल्यांनी आधी कायदा वाचावा

आपल्या समाजात सुतार, वेल्डर, सीट-कव्हरवाले, बॅटरीवाले आणि डेंटिंग-पेंटिंग करणारे पुष्कळ आहेत. एखादा हौशी गिऱ्हाईक आपली व्हॅन घेऊन येतो आणि म्हणतो, "मिस्त्री, हिचे घर करून द्या." रक्कम चांगली असते. पण येथे थांबून विचार करावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलात मनमानी बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केले आहे. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ असे वेगळे मानक आहे. ज्या बदलाला मंजुरी लागते, ती मिळाल्यावाचून सांगाड्याला, आसनांना किंवा छताला हात लावू नये. अपघात झाला आणि विमा नाकारला गेला तर गिऱ्हाईक आपल्याच दारात येणार.

मात्र मंजुरीप्राप्त बांधणी करणाऱ्यांकडून ठेक्याने काम घेणे आणि तयार गाड्यांची देखभाल करणे, हे आपल्या हातचे आहे. त्यासाठी काही गोष्टी शिकून घ्याव्यात.

पहिली गोष्ट वजन. घरच्या कपाटाची जाड प्लाय गाडीत चालत नाही. पॉप्लरसारख्या हलक्या लाकडाची प्लाय वापरतात. दुसरी गोष्ट हादरे. नुसत्या खिळ्यांवर काही टिकत नाही. गोंद आणि स्क्रू दोन्ही हवेत, आणि प्रत्येक कप्प्याला वळणावर न उघडणारी कडी हवी. तिसरी गोष्ट गॅस. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्यास तळाशी बाहेर उघडणारे छिद्र लागते. वरची खिडकी त्यास पुरत नाही. चौथी गोष्ट वीज. दिवे, पंखा आणि पाण्याचा पंप १२ व्होल्टच्या वेगळ्या बॅटरीवर चालतात. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवावा आणि तार भाराला पुरेल अशी जाड असावी. येथे वाचवलेले शंभर रुपये आग लावू शकतात, आणि आत माणसे झोपलेली असतात.

वस्तू विकणाऱ्यांनीही मोरोक्कोचा अनुभव लक्षात ठेवावा. हलके, न फुटणारे आणि खरे तेच विकावे. कोकम, आंबापोळी, सुकी मासळी नीट बंद केलेली, तांदळाचे पीठ, सावंतवाडीची लहान लाकडी खेळणी. पुडीवर वजन, तारीख आणि भाव छापलेला असावा. आपल्या घरातल्या भगिनींच्या हाताला चव आहे. चार घरांनी मिळून सांदण, घावण आणि मासळीची थाळी दिली तर पाहुणा हॉटेल शोधणार नाही. मात्र पैसा आल्यावर हिशेब त्या भगिनींच्याच हाती राहील, हे पाहावे. अर्गनच्या सहकारी संस्था त्याचसाठी निघाल्या होत्या.

शेवटी

युरोपातले एक जोडपे आपले घर चाकांवर घालून समुद्र ओलांडते आणि ओळख ना पाळख अशा गावात तीन महिने निर्धास्त झोपते. ते का झोपू शकते? गाडीला कोणी हात लावणार नाही, पाववाला सकाळी येईल आणि मिस्त्री ठरलेलेच पैसे घेईल, असा त्याला भरवसा असतो. हा भरवसा कोणत्याही सरकारी धोरणात छापून मिळत नाही. तो एकेका गावाने आणि एकेका दुकानाने कमवावा लागतो, आणि एका लबाडाने तो सर्वांचा घालवता येतो.

म्हणून आपल्या कारागीर बंधूंना सांगणे इतकेच की या नव्या कामाकडे पाठ फिरवू नका आणि जुने काम सोडून त्याच्या मागेही धावू नका. गावातले गिऱ्हाईक हा आपला बारमाही झरा आहे, पाहुणा हा हंगामाचा पाऊस आहे. झरा बुजवून पावसाची वाट पाहणाऱ्याचे काय होते, ते २०२० ते २०२२ या काळात दिसलेच आहे. लेखी भाव, ठरलेली तारीख, निर्मळ माल आणि व्याजापासून दूर राहिलेले भांडवल एवढे सांभाळले तर येणारा मुसाफिर दुसऱ्या चार मुसाफिरांना घेऊन येईल, इन्शाअल्लाह. अल्लाह आपल्या मेहनतीत बरकत देवो.